टाकीच्या मागं

ज्या स्टेजवर एरवी नवरा-नवरी बसतात, तिथे आज दोन लांब टेबलं लागली होती. एका टेबलाशी पांढुर्ण्याचे चार खेळाडू, दुसऱ्याशी सौसरचे चार, आणि समोर खच्चून भरलेलं मंगल कार्यालय. गोटमार, म्हणजे पांढुर्ण्याची ती दगडफेकीची जत्रा, होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पहिल्या रांगेत दोघांच्या डोक्याला पट्ट्या होत्या आणि त्या कशाच्या हे कोणी विचारत नव्हतं. सौसरवाले गाड्या भरभरून आले होते. त्यात निम्मे खेळाडूंचे आईबाप आणि काका-मामा. मोबाइल खेळतो म्हणून दहावीत ज्याला बदडून काढलं, त्याच पोराच्या नावानं आता हे लोक बोंबा मारत होते. कप दिसला की व्यसनाचा छंद होतो, हे आपल्याकडे जुनंच आहे.

खेळाचं नाव रणटापू. ज्यांच्या घरात कॉलेजातलं पोर आहे त्यांना तो सांगायला नको. बाकीच्यांसाठी इतकंच, की चार विरुद्ध चार आणि मध्ये एक ओसाड गाव. गावात शाळा, विहीर, पाण्याची टाकी, पडकी घरं. गोळी लागली की माणूस पडला, आणि ज्या बाजूचा एक तरी शेवटी उभा राहिला त्या बाजूचा डाव. सात डाव जो आधी जिंकेल त्याचा कप. कप जिंकणारी टीम पुढे नागपूरला जाणार होती.

पांढुर्ण्याच्या चौघांत एक मुलगी होती, मोनाली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. खेळात तिचं नाव ‘निंबोळी’. दिसते एवढीशी, पण तोंड कडू करून जाते, असं तिच्या टीमचा कप्तान वैभव मोठ्या कौतुकानं सांगायचा. तिचा नेम पक्का होताच, पण खरी करामत कानांची होती. इअरफोनमध्ये नुसती पावलं वाजली की कोण कुठल्या जिन्यावर आहे, वर चढतोय की खाली उतरतोय, हे तिला कळायचं. लगेच नकाशावर खूण टाकून ती बाकीच्या तिघांना दाखवायची. माइक मात्र ती कधीच लावत नसे. एकदा लावला होता, तेव्हा समोरच्या टीमनं गोळ्या झाडायच्या सोडून तिचा नंबर मागायला सुरुवात केली होती. तेव्हापासून तिनं तोंड बंद आणि कान उघडे ठेवले.

आता ज्याचा आवाज कोणी ऐकला नाही, चेहरा कोणी पाहिला नाही, आणि जो दर मॅचला भल्याभल्यांना लोळवतो, त्याच्याबद्दल लोक काय म्हणणार? नागपूरचा कोणी पोट्टा तिच्या नावानं खेळते, अशी आवई उठली. पोरगी एवढी चांगली खेळते यापेक्षा पोरगी खेळतच नाही, हे लोकांना पटायला सोपं गेलं.

आणि त्या आवईवर शिक्का मारला स्वप्निलनं. सौसरच्या टीमचा कप्तान, बोरगावच्या एका कारखान्यात कामाला. मुलताईपासून सावनेरपर्यंतच्या टीमा ज्या व्हॉट्सॲप गटात सरावाच्या मॅचेस ठरवायच्या, त्या गटाचा तो ॲडमिन. त्यानं शिवी दिली नाही, टवाळी केली नाही. ‘निंबोळी कोण आहे हे नक्की होईपर्यंत तिला सरावात घेता येणार नाही,’ एवढं लिहिलं आणि तिला गटातून काढून टाकलं. मोनालीला हेच जास्त लागलं. वात्रट माणसानं काही म्हटलं तर लोक सोडून देतात. स्वप्निलसारखा सरळ माणूस म्हणतो म्हटल्यावर सगळ्यांनी ते खरं धरलं, आणि पांढुर्ण्याच्या टीमशी सराव करायला कोणी तयार होईना.

फायनलच्या दोन दिवस आधी वैभवनं तिला कॉलेजच्या सायकल स्टँडवर गाठलं.

“पाह्य मोना, फायनल समोरासमोर आहे. फोन स्पर्धावाल्यांचे, इअरफोन त्यांचे. साऱ्यांच्या डोळ्यासमोर खेळशीन तं विषय खतम. पण तिथंही तुह्यावरचा डाग नाही गेला न, तं मले चौथा गडी दुसरा पाहा लागन. एकटीपायी तिघांचा सराव किती बंद ठेवू मी?”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तिला रडू आलं नाही. राग मात्र असा आला की त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आणि अशा या फायनलच्या दिवशी तिनं बापाला सोबत आणलं.

गुणवंतराव तिगावकडचे संत्र्याचे बागायतदार. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख संत्र्यांमुळे नाही, आवाजामुळे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याला मान वळवून मागे पाहता येत नाही. दुसरी जोडी किती जवळ आली, डावीकडून आली की उजवीकडून, हे काठावर उभं राहून कोणीतरी ओरडून सांगावं लागतं. ते काम गुणवंतरावांचं. हजार माणसांच्या गोंगाटातून त्यांची आरोळी नेमकी धुरकऱ्याच्या कानात जायची. रामाकोन्याकडचे लोकसुद्धा पटाच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करायचे, “गुणवंताभाऊ, येजा बरं, तुमच्याबिगर जोडी सोडत नाही.” तर असा हा माणूस. सकाळी मोटारसायकलवरून येताना त्यांनी लेकीला विचारलं होतं,

“ह्याच्यात बैल नाही का?”

“नाही बाबा.”

“माणसं तरी पळतेत?”

“फोनमंधी पळतेत.”

“मंग मी काय करू तिथं येऊन?”

“काही नाही. बसा फक्त.”

गुणवंतरावांना नुसतं बसायला सांगणं म्हणजे पहाटे कोंबड्याला गप्प राहा म्हणण्यासारखं होतं. पण मोनालीच्या डोक्यात त्या वेळी स्वप्निल होता, वैभव होता, आपलं नाव होतं. बापाला काय काय सांगायला हवं, हे तिला सुचलंच नाही.

स्पर्धा भरवली होती वीरेंद्रनं, आणि पंचही तोच. त्याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान. माणूस हौशी, पण घाईचा. लोकांना मजा यावी म्हणून त्यानं स्टेजच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता, आणि त्यावर वरून पाहिल्यासारखं सगळं मैदान दिसत होतं. कोण कुठे दबा धरून बसलाय, कोण कोणाच्या मागून येतोय, सगळं उघडं. खेळाडूंची पाठ पडद्याकडे. त्यांना फक्त आपापला फोन. इअरफोन दुकानातलेच, साधे, पातळ. वीरेंद्रनं माइकवरून “कृपया शांतता राखा” असं सांगितलंही. पण मंगल कार्यालयात हे वाक्य अंतरपाट धरल्यावर भटजीसुद्धा म्हणतात आणि कोणी ऐकत नाही.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच डावात मोनालीनं शाळेच्या गच्चीवरून दोघांना टिपलं. पांढुर्णेकर खुर्च्यांवर चढले. दुसरा डाव सौसरनं काढला, तिसराही. स्वप्निल खेळायचा शांत. घाई नाही, उतावळेपणा नाही, जिथे पाय ठेवायचा तिथेच ठेवायचा. चौथ्या डावात मोनालीनं त्याला विहिरीपाशी गाठलं आणि तो हसला. तिनं टेबलापलीकडून पाहिलं ते. सरळ, मोकळं हसू. आपल्याला गटातून काढणाऱ्या माणसाचा राग करायचा ठरवून आलेल्या तिला ते हसू मुळीच आवडलं नाही, कारण ते आवडण्यासारखं होतं.

खाली गुणवंतराव आधी जांभया देत होते. मग शेजारच्या पोराला विचारू लागले, “हिरवे आपले का लाल?” मग पुढे सरकून बसले. मग खुर्चीच्या कडेवर आले. पाचपाच झालं तोवर त्यांना सगळं उमगलं होतं. ती हिरवी ठिपकी म्हणजे आपली मोना, तो लाल म्हणजे पलीकडची जोडी, आणि मोनाला मागचं दिसत नाही. दिसत नाही! पट आणि हा खेळ यात काही फरकच नव्हता की. इतकी वर्षं पोरगी खोलीत बसून काय करते हे त्यांना कळलं नव्हतं, ते आज कळलं, आणि अभिमानानं त्यांची छाती फुगून आली.

सहा-सहा झालं. शेवटचा डाव.

सभागृहात आता कोणी बसलेलं नव्हतं. एकेक गडी पडत गेला, आणि मैदानात दोघंच उरली: शाळेच्या दारात मोनाली, आणि कुठेतरी स्वप्निल. कुठे, ते तिला कळेना. गोंगाटात इअरफोनमधलं पाऊल ऐकू येत नव्हतं. तिनं अंदाज बांधला, तो जिन्यावर असणार. तिनं बंदूक जिन्याकडे रोखली आणि श्वास धरला.

पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं की स्वप्निल जिन्यावर नाही. तो पाण्याच्या टाकीला वळसा घालून तिच्या पाठीवर येत होता.

“मोनाऽऽ! मागं पाह्य! टाकीच्या मागं! टाकीच्या मागंऽऽ!”

ती आरोळी मंगल कार्यालयाच्या पत्र्याला जाऊन लागली आणि तिथून तिच्या कानात शिरली. विचार करायच्या आत अंगठा वळला, मैदान गर्रकन फिरलं, टाकी समोर आली, टाकीआडून निघणारं डोकं दिसलं आणि गोळी सुटली.

स्वप्निल पडला.

मग जे झालं त्याला दणका म्हणतात. फटाके आतच फुटले. वैभवनं तिला खुर्चीसकट मिठी मारली. “जिंकलो बे! जिंकलो!” कोणी हलगी आणली होती ती कडाडली. पट्टीवाले दोघं नाचताना एकमेकांवर आपटले. आणि गुणवंतराव, दोन्ही हात वर करून, डोळ्यांत पाणी आणून, भेटेल त्याला सांगत होते, “म्या सांगतलं तिले! म्याच सांगतलं!”

मोनाली बसूनच राहिली. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. अंगावर काटा आला होता. पण त्या काट्याखाली काहीतरी टोचत होतं. तो टाकीमागे आहे हे तिला माहीत नव्हतं. बापाच्या एका शब्दानं तिला दोन डोळे जास्तीचे मिळाले होते.

कोणाला कळणार होतं? नेटवरून पाहणाऱ्यांना फक्त खेळाचा आवाज जात होता, सभागृहाचा नाही. हजार लोक एकदम ओरडत होते, त्यात कोण काय बोललं याचा हिशोब कोण ठेवतो? शिवाय बोललं तर काय होईल हेही तिला दिसत होतं. लोक म्हणतील, पाहा, सांगितल्याशिवाय हिला येतच नाही. इतके दिवस आवई होती, तिला ती स्वतःच्या तोंडानं पुरावा देणार. हातातोंडाशी आलेला घास, नाव, टीममधली जागा, सगळंच जाणार. आणि बाप? खाली बाप नाचत होता.

पलीकडे स्वप्निल इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत तिच्याकडे पाहत होता.

मोनाली उठली आणि वीरेंद्रपाशी गेली. “दादा, हा डाव धरू नका.”

“काऊन?” वीरेंद्र कपावरची धूळ पुसत होता. दुसऱ्या हातातला माइक चालू होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

“मले खालून सांगितलं कोणीतरी. टाकीच्या मागं म्हणून. मले माहीत नव्हता तो तिथं. मी जिन्याकडं पाहून राहिली होती.”

स्पीकरमधून तिचा आवाज सगळ्या सभागृहात गेला. बारीक, थरथरता, पण स्पष्ट. ज्या निंबोळीचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे सांगायला. हलगी थांबली.

“येडी झाली का बे तू?” वैभव तिच्या दंडाला धरून कुजबुजला. “जिंकली न! आता कायले?”

“नाव साफ कर म्हणला होता न? अशानं साफ होते का?”

खालून कल्ला उठला. आपलं घरचं मैदान आहे, ओरडणार नाही तर काय भजन म्हणणार, असं एकानं विचारलं. सौसरवाले उभे राहिले, पांढुर्णेवाले बाह्या सरसावू लागले, आणि दोन्ही गावांना त्या कामाची सवय असल्यामुळे वीरेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात गर्दीतून गुणवंतराव पुढे आले. नाचून टोपी वाकडी झाली होती, ती तशीच.

“म्या ओरडलो,” ते म्हणाले. त्यांना माइक लागला नाही. “पटात चालते, मले वाटलं इथंही चालत असन. पोट्टीचा दोष नाही. दोष माह्या तोंडाचा हाय.”

आपण साऱ्या गावासमोर बापाला उघडं पाडलं, हे मोनालीला आत्ता कळलं. ती काही म्हणणार तोच गुणवंतरावांनी गळ्यातला दुपट्टा काढला, त्याचा बोळा केला, सरळ आपल्या तोंडात कोंबला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले.

मग पट्टीवाल्यांपैकी एकानं हसत हसत स्वतःचा दुपट्टा तोंडात घातला. मग त्याच्या शेजारच्यानं. बायांनी पदर घेतले, पोरांनी रुमाल घेतले, एका आजोबांनी काही न मिळाल्यामुळे टोपीच कोंबली. सौसरच्या रांगांत आधी खसखस पिकली, मग त्यांनीही मागे राहायचं नाही म्हणून तोंडं बांधली. पाहता पाहता सगळं मंगल कार्यालय तोंडात बोळे घालून बसलं. ज्या गावात अंत्ययात्रेतसुद्धा चार माणसं मोठ्यानं बोलतात, तिथे पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली.

“चला,” वीरेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. “शेवटचा डाव परत.”

वैभव रागात होता, आणि रागात खेळणाऱ्याचं जे होतं तेच झालं. तो धावत विहिरीकडे गेला आणि पहिलाच पडला. बाकीचे दोघं एका पडक्या घरात घेरले गेले आणि तिथेच संपले. सौसरचा त्या धांदलीत एकच गेला. मोनाली एकटी उरली आणि समोर तिघं.

पण आता सभागृह गप्प होतं. आणि गप्प सभागृहात निंबोळीला कान होते.

टक, टक. लाकडी जिना. उतरतोय. तिनं दाराच्या फटीतून बंदूक धरली, पाऊल चौथ्या पायरीवर आलं आणि तिनं झाडली. एक गेला. सभागृहातून दबलेला हुंकार आला, हजार बोळ्यांमागून, आणि गिळला गेला. तिनं जागा बदलली. मातीवर खरखर, डावीकडे, विहिरीचा काठ. दुसरा कोणी वाकून येत होता. ती वळली नाही, तिनं त्याला येऊ दिलं, काठाचे दगड संपेपर्यंत येऊ दिलं, आणि मग एकाच गोळीत बसवलं. खाली गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी खुर्चीचा कठडा असा धरला होता की बोटं पांढरी झाली होती. वैभव राग विसरून तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. ही पोरगी खेळते की नाही, हा प्रश्न आता कोणाच्याच मनात नव्हता.

उरला स्वप्निल. त्याला तिचं कसब कळलं होतं, त्यामुळे तो हलतच नव्हता. ती हलत नव्हती. कोणी पाऊलच टाकेना. मग वेळ संपत आली तसं रणटापूचं मैदान आक्रसू लागलं आणि दोघांनाही चौकात यावंच लागलं. दोघं एकदम निघाली, समोरासमोर आली, दोघांचेही अंगठे एकदम खाली गेले...

आणि लाइन गेली.

पंखे थांबले, पडदा काळा झाला, राउटरचे दिवे विझले. फोनच्या पडद्यांवर गोल चक्रं फिरू लागली, फिरत राहिली, आणि मग खेळानं सगळ्यांना बाहेर काढलं. वीरेंद्रचा कॉम्प्युटर मेला होता. इन्व्हर्टर दुकानातच राहिला होता. शेवटी कोण पडलं, हे ना पडद्याला माहीत होतं, ना पंचाला.

“कोणाले काही दिसलं?” वीरेंद्रनं घाम पुसत विचारलं. माइक बंद होता, पण शांतता अशी की त्याची गरजच नव्हती.

“माह्या फोनवर तं बटण दाबायच्या आधीच चित्र थांबलं,” स्वप्निल म्हणाला. “मले काहीच दिसलं नाही.”

“मंग आता काय? लाइन आल्यावर तिसऱ्यांदा?”

“थांबा,” स्वप्निल उठून उभा राहिला. “मघाचं ते ओरडणं म्याही ऐकलं होतं. पण म्हणलं नाही. हरला की रडते, म्हणाले असते सारे. तिनं म्हणलं. कप हातात आल्यावर म्हणलं.” तो मोनालीकडे वळला. “तुले काय दिसलं, ते सांग. तू म्हणशीन ते आमाले मान्य.”

तिला दिसलं होतं. तिच्या फोनवर चक्र यायच्या आधी, डोळ्याचं पातं लवेल तेवढाच वेळ, स्वप्निलचा गडी गुडघ्यावर आला होता आणि आडवा झाला होता. ती उभी होती. हे खरं होतं.

पण हे खरं तिच्याच फायद्याचं होतं, आणि त्याला तिच्याशिवाय साक्षीदार नव्हता. स्वतःच्या नुकसानीचं खरं बोलायला छाती लागते, ती तिनं मघाशी दाखवली होती. फायद्याचं खरं बोलायला त्याहून मोठी लागते, हे तिला आता कळत होतं. ‘जाऊ द्या, परत खेळू,’ एवढं म्हटलं की सगळे वाहवा करतील, किती गुणाची पोर म्हणतील. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. पण तेही खोटंच झालं असतं. फक्त दिसायला सोज्वळ. आणि महिनोन्‌महिने ती एकाच गोष्टीसाठी तळमळत होती, की आपण आहोत ते लोकांनी आहे तसं मानावं.

तिनं मान वर केली.

“माह्या फोनवर तू पडला,” ती म्हणाली. “मी उभी होती. मंग लाइन गेली.”

तोंडातले बोळे तोंडातच होते. पांढुर्णेवाले सौसरवाल्यांकडे पाहत होते. वीरेंद्रनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वप्निलकडे, आणि मग सौसरच्या रांगांकडे वळून, मार खायची तयारी ठेवून विचारलं,

“सौसरवाले... तुमचं काही म्हणणं?”

दुसऱ्या रांगेत स्वप्निलची आई वत्सलाबाई बसली होती. तिनं तोंडातला पदर काढला, नीट झटकून खांद्यावर घेतला आणि वीरेंद्रकडे असं पाहिलं, जणू त्यानं काहीतरी खुळचट विचारलं होतं.

“म्हणणं कायचं बाप्पा?” ती म्हणाली. “पोट्टी म्हणून राहिली न. मंग झालं. द्या तिले कप.”